एका पिकअपची दोन इंजिनं

महिंद्राच्या एफसी १५० पिकअपला बोनेट नाही. ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा माणूस पुढच्या चाकांच्या जवळजवळ डोक्यावर बसतात आणि इंजिन दोघांच्या मधोमध, पत्र्याच्या पेटीखाली धडधडत राहतं. गाडीची एकूण लांबी सव्वाबारा फुटांच्या आसपास, त्यातला सहा फुटांहून थोडा जास्त हौदा. गिरगावच्या वाड्यांमध्ये समोरून हातगाडी आली तर दोघांपैकी एकाला मागे सरकावंच लागतं. तिथे अशी नकटी गाडी सोन्याची.

गिरगावातल्या एका छापखान्याने ही गाडी १९६८ साली घेतली. कागदाची रिमं आणायची, छापून-बांधून झालेला माल दादर-परळला पोचवायचा, एवढंच तिचं काम. १९८५ साली परळच्या एका गॅरेजात तिचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं गेलं. मधली बरीच वर्षं ती ताडपत्रीखाली गेली. आता ती पुन्हा चालू झाली आहे आणि ज्या मिस्त्रींनी तेव्हा डिझेल बसवलं, त्यांनीच या खेपेला ते उतरवून मूळचं पेट्रोल इंजिन परत बसवलं आहे. आपणच केलेलं काम चाळीसेक वर्षांनी उलटं करण्याची वेळ फार थोड्या कारागिरांवर येते. मिस्त्रींना त्याचं वाईट वाटलं का, असं छापखान्याच्या मालकाच्या नातवाने विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘वाईट कसलं? नट सुटले ना नीट? मग काम बरोबर होतं.’’

या उत्तरात या गाडीची अर्धी गोष्ट आहे.

एफसी ही मूळची अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. १९५६ च्या अखेरीस ती तिकडे आली. तिच्या केबिनचा चेहरामोहरा ठरवण्यात ब्रुक्स स्टीव्हन्स या नामवंत औद्योगिक डिझायनरचा हात होता. खालचा सांगाडा जीपच्याच घराण्यातला, ८१ इंचांचा व्हीलबेस, पण ड्रायव्हरला पुढे सरकवल्यामुळे मागे मालाला जागा झाली. तिकडे साधारण ३०,००० गाड्या बनल्या आणि १९६५ च्या सुमारास उत्पादन थांबलं. नेमक्या त्याच सुमारास, १९६५ साली, महिंद्राने ती इथे बनवायला घेतली. अमेरिकेने निरोप दिलेली गाडी मुंबईत नवी म्हणून रस्त्यावर आली, हे त्या काळाला धरूनच होतं.

आणि मुंबईचा हा परळ-लालबागचा पट्टा गाड्यांना नवखा नव्हता. लालबागहून पूर्वेला निघालं की कॉटन ग्रीन, पुढे शिवडी. शिवडीत १९२८ साली जनरल मोटर्सने देशातला पहिला मोटार-जुळणीचा कारखाना काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथून पहिली शेवरोले बाहेर पडली. नुसती जुळणी नको, सुटे भागही इथेच बनवा, असं सरकारी धोरण आल्यावर १९५४ मध्ये तो बंद झाला. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज, प्लिमथ, फार्गो निघत होत्या. महिंद्राच्या पहिल्या जीपची जुळणीही माझगावातली. म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या या वस्तीच्या आसपासच देशाचा बराचसा मोटारधंदा पाळण्यात होता. कारखाने गेले, पण त्यांच्या मागे सुट्या भागांची दुकानं, लेथवाले, रेडिएटरवाले आणि कशातही काहीही बसवून देणारे मिस्त्री राहिले.

हे मिस्त्री त्याच पिढीतले. मूळचे संगमेश्वरकडचे, वडील परळच्या एका गिरणीत. स्वतः फिटरचा आयटीआय करून गिरणीच्याच वर्कशॉपमध्ये लागले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. गिरणीचं दार पुन्हा उघडेल या आशेवर काही जण थांबले, काही गावाला गेले. मिस्त्रींनी ओळखीच्या एका गॅरेजात पाना हातात घेतला. ‘‘तात्पुरता,’’ असं ते घरी म्हणाले होते.

गिरणीतला फिटर आणि गॅरेजमधला मेकॅनिक यांच्यात एक फरक असतो, तो इथे महत्त्वाचा ठरतो. गॅरेजमध्ये वेळ महत्त्वाची. भाग बसत नसेल तर गॅस कटरने कोपरा उडवायचा, वेल्डिंगचे दोन टाके मारायचे, गाडी बाहेर. गिरणीत मशीन कापलेलं चालत नाही. स्पिनिंगच्या खात्यात शाफ्ट केसभर तिरका गेला तरी बेअरिंग जळतं, आणि उद्या तेच मशीन दुसऱ्याच कोणीतरी उघडणार असतं. म्हणून प्रत्येक गोष्ट नट-बोल्टवर, दोरी मारून, मोजून. मिस्त्रींनी ही सवय गॅरेजात आणली. सुरुवातीला बाकीचे त्यांना हसत.

१९८५ साली छापखान्याच्या मालकांनी गाडी आणली तेव्हा तक्रार सरळ होती: पेट्रोल परवडत नाही. डिझेल त्या वेळी पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं आणि त्या काळात इंजिन बदलणं हा छंद नव्हता, हिशेब होता. त्याआधीपासूनच मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांत मद्रासच्या सिम्प्सन कंपनीचं पर्किन्स डिझेल बसवून त्या वर्षानुवर्षं ओढल्या जात होत्या. बाहेरून शेवरोले, आतून ट्रॅक्टरसारखा आवाज. कोणाला त्यात गैर वाटत नसे.

दुसरं कारण पाण्याचं. गिरगावहून दादरकडे माल जायचा तो परळवरून, आणि पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की पेट्रोल गाडीचं डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी भिजायच्या. ठिणगी गेली की गाडी जागच्या जागी उभी. मागे छापलेल्या पुस्तकांचे गठ्ठे, वर ताडपत्री, खाली गुडघाभर पाणी. डिझेलला ठिणगीची गरजच नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते आणि त्यात फवारलेलं तेल आपोआप पेट घेतं. हवेच्या नळीत पाणी शिरेपर्यंत डिझेल गाडी चालत राहते. पुस्तकं ओली झाल्याचं नुकसान एकदा सोसलेल्या छापखान्याला हा मुद्दा पेट्रोलच्या भावापेक्षाही पटला.

इंजिन कोणतं, हा प्रश्न कंपनीनेच सोडवून ठेवला होता. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन घेतलं होतं, आणि इगतपुरीच्या कारखान्यात बनणारं ते इंजिन कंपनीच्या जीपमध्ये बसत होतं. जीपच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल बसवण्याचा उद्योग म्हणजे आधी कंपनीनेच केलेला. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात अपघातात चेमटलेल्या एका डिझेल जीपचं इंजिन मिळालं, सोबत बेल हाउसिंग आणि क्लचही. मिस्त्रींनी इंजिनाआधी बिल मागितलं. इंजिन नंबर लिहिलेलं, सही-शिक्क्याचं. बिल नाही तर इंजिन नाही. हा आग्रह पुढे किती कामाला येईल हे तेव्हा त्यांनाही माहीत नसावं.

दोन इंजिनांची तुलना केली तर गंमत दिसते. मूळचं हरिकेन २१९९ सीसीचं: पिस्टनचा व्यास साधारण ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११, म्हणजे उंच, लांब दमाचं, हळू फिरतानाच जोर धरणारं. त्याच्या हवा घेणाऱ्या झडपा वर हेडमध्ये आणि धूर सोडणाऱ्या खाली ब्लॉकमध्ये. प्यूजो २११२ सीसीचं: व्यास ९०, स्ट्रोक ८३. अमेरिकन मोजणीत हरिकेनची ताकद ७५ अश्वशक्ती, प्यूजोची ६२. डिझेल म्हटलं की ओढ जास्त, असं सगळे धरून चालतात. इथे उलट होतं. माल भरून पेडर रोडचा चढ चढताना नव्या इंजिनाला खालचा गियर लागायचा, पूर्वी तो लागत नसे. मागच्या एक्सलचा रेशो ५.३८ होता, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टने साडेपाचच्या आसपास फेरे घ्यायचे. या बुटक्या गियरिंगनेच डिझेलची लाज राखली. वेग तसाही कोणाला हवा होता? ताशी ५० च्या वर गिरगाव-दादर रस्त्यावर गाडी न्यायला जागा कुठे होती?

काम चेन-कप्पी लावून केबिन उचलण्यापासून सुरू झालं. हरिकेन बाहेर काढलं, ते भंगारात न देता मिस्त्रींनी प्लगच्या भोकांतून तेल ओतलं, लाकडी बुचं मारली, वरून ग्रीस फासलं आणि गोणपाटात बांधून छापखान्याच्या मागच्या गोडाऊनला धाडलं. ‘‘मालक, हे विकू नका. याचा नंबर तुमच्या पुस्तकात आहे.’’ मालकांनी ऐकलं. कदाचित जड होतं म्हणूनही.

पुढचा भाग मापाचा. इंजिनाची फाउंडेशनं, म्हणजे ज्या रबरी बैठकांवर ते बसतं त्या, जुन्या जागी जुळत नव्हती. सोपा मार्ग होता सांगाड्याचा आडवा पट्टा कापून खाली घ्यायचा. मिस्त्रींनी प्लायवूडचा साचा केला, क्रँकची मध्यरेषा दोरीने मागच्या एक्सलपर्यंत नेली, शाफ्टचा कोन मोजला आणि मग जाड पत्र्याचे ब्रॅकेट बनवले. ते सांगाड्यात आधीपासून असलेल्या भोकांवर बोल्टने बसवले. कुठेही कटर नाही, कुठेही वेल्डिंगचा टाका नाही. गियरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगमध्ये सरळ जातंय का, हे त्यांनी गिरणीतून आणलेल्या डायल गेजने तपासलं. इथे केसाइतकी चूक राहिली तर गाडी चालते, पण काही महिन्यांत क्लच ओरडायला लागतो आणि मग मालक आणि मिस्त्री दोघंही.

असल्या कामात इंजिन बसवणं हा सोपा भाग, त्याच्याभोवतीचं सगळं जमवणं अवघड. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, तिच्यामुळे तयार होणाऱ्या व्हॅक्यूमवर या गाडीचा वायपर चालायचा. डिझेलला ती झडपच नाही, म्हणून वायपर बंद. पावसासाठी केलेल्या बदलाने वायपरच बंद पाडला. मग विजेवर चालणारी मोटर शोधली. पेट्रोल गाडी चावी फिरवली की बंद होते. या डिझेलला तेल तोडल्याशिवाय थांबता येत नाही, म्हणून डॅशबोर्डखाली ओढायची केबल आली. पंपाकडून उरलेलं तेल टाकीत परत नेणारी नळी आली, पाणी वेगळं करणारा फिल्टर आला, हीटर प्लगसाठी मोठी बॅटरी आली. टाकी आतून धुऊन वाळवली. इंजिन उंचीला वेगळं, म्हणून मधली पेटी नव्याने ठोकली. तिच्या आत उष्णतेसाठी त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे ॲस्बेस्टॉसचा पत्रा लावला. आज त्याला कोणी हात लावणार नाही, आणि लावूही नये. पुढचा बोजा वाढला म्हणून पाट्यांमध्ये एक-एक पान वाढवलं.

शेवटी गाडी ताडदेवच्या आरटीओत गेली. इंजिनाचं बिल दाखवलं, तपासणी झाली, पुस्तकात नवा इंजिन नंबर चढला आणि इंधनाच्या रकान्यात पेट्रोल खोडून डिझेल आलं. कित्येक मालक ही पायरी गाळत. गाडी चालतेय ना, मग कशाला आरटीओ?

जगात इतरत्रही इंजिनं अशीच बदलली गेली, पण कारणं निराळी. अमेरिकेत जुन्या शेवरोले पिकअपमध्ये जनरल मोटर्सचं आधुनिक एलएस जातीचं व्ही-८ बसवणं हा हौशी लोकांचा मोठा उद्योग आहे. त्यासाठी लागणारे ब्रॅकेट, वायरिंग, सगळं तयार डब्यात मिळतं. १९५४ पर्यंतच्या अर्धा टनी शेवरोलेत मागचा शाफ्ट एका बंद नळीत असतो, त्यामुळे इंजिन-गियरबॉक्स बदलायचं तर मागचा एक्सलही बदलावा लागतो, आणि त्याचंही तयार किट आहे. दुसऱ्या टोकाला क्युबा. अमेरिकेने व्यापार तोडल्यावर हवानातल्या १९५० च्या दशकातल्या गाड्यांत रशियन आणि पुढे मिळतील ती डिझेल इंजिनं गेली, कारण गाडी चालली नाही तर घरात पैसा येणार नव्हता. परळचं गॅरेज टेक्सासपेक्षा हवानाला जवळचं. इथेही किट नव्हतं. होता तो लेथ, भंगारबाजार आणि उद्या सकाळी पोचवायचा माल.

डिझेलवर ही गाडी बरीच वर्षं धावली. मग छपाईचं तंत्र बदललं, खिळे जुळवणारे हात रिकामे झाले, कामं गिरगावाबाहेर गेली. २००१ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशांनी मुंबईतल्या जुन्या व्यावसायिक वाहनांना सीएनजीसारख्या इंधनाकडे वळणं किंवा रस्ता सोडणं भाग पाडलं. छापखान्याने मालवाहतुकीचा परवाना सोडला आणि गाडी शेडमध्ये उभी केली. हे शहर जुनी वाहनं कशी विसरतं याचा ताजा दाखला सगळ्यांनी पाहिलाच आहे: ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख छापले. त्या पद्मिनी हयातभर चालू ठेवणारे मेकॅनिक त्या लेखांत अभावानेच दिसले.

नातवाने गाडी दुरुस्त करायची ठरवलं तेव्हा त्याच्या डोक्यात साधं चित्र होतं: पत्रा नीट करू, रंग मारू, डिझेल सर्व्हिस करू, पाडव्याच्या गिरगावच्या शोभायात्रेत नेऊ. मिस्त्री आता सत्तरी ओलांडलेले; गॅरेज मुलगा बघतो. ते काठी टेकत आले, खाली वाकून टॉर्च मारला आणि म्हणाले, ‘‘अरे, आधी सांगाडा बघ. रंग काय, शेवटच्या दिवशीपण होतो.’’

सांगाडा शाबूत होता. बाकीचं समुद्राच्या हवेने खाल्लेलं. केबिनच्या फरशीला, दारांच्या खालच्या कडांना, पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळींना मागच्या चाळीस वर्षांत कोणी ना कोणी पितळी टाके, पुटी आणि डांबर थापलं होतं. एक थर काढला की खाली दुसरा, त्याखाली गंज, गंजाखाली हवा. डेंटरने कुजलेला भाग स्वच्छ धातूपर्यंत कापला, १८ गेजच्या पत्र्याचे तुकडे हातोडी आणि डॉलीवर वळवून तिथे बसवले. हौद्याचा फाळका मात्र मूळचाच निघाला. त्यावर दाबलेली अक्षरं सँड ब्लास्टिंगने झिजतील म्हणून ती तारेच्या ब्रशने हातानेच साफ केली. हे काम कंटाळवाणं असतं आणि बिलात दिसत नाही.

गोडाऊनमधलं हरिकेन याच दरम्यान उघडलं गेलं. बाहेरून मातीचा गोळा, आत बोअरमध्ये तेलाची काळी साय. जाम होतं, पण मेलेलं नव्हतं. डिझेल आणि गियर ऑइल ओतून आठवडाभर भिजत ठेवलं, मग क्रँकच्या नटावर लांब दांडा घालून हळूहळू हलवलं. हिसका दिला असता तर रिंगा तुटल्या असत्या. ते फिरलं तेव्हा कामाचा नकाशाच बदलला, कारण आता निवड करता येणार होती: डिझेल ठेवायचं की मूळचं परत आणायचं?

नातवाचा एक मित्र तिसरंच सुचवत होता, बॅटरी आणि मोटर. कायद्याला ते मान्यही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दुसऱ्या इंधनावर किंवा बॅटरीवर चालण्यासाठीचा बदल मंजूर किट असेल तर करू देतं. अशा किटांची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. पण छापखान्याच्या पिकअपचा आवाजच काढून घेण्याची घरात कोणाची तयारी नव्हती.

बाकी बदलांबाबत तेच कलम कडक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलांना छेद देणारा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. आपल्या गाडीचा बदल १९८५ चा, पुस्तकात नोंदलेला, म्हणून तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता २०२१ चा. त्या वर्षीच्या जुलैत केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी-चारचाकी वाहनं त्यात नोंदता येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. आणखी एक अट, आणि ती निर्णायक: गाडी मूळ स्वरूपात हवी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नको.

म्हणजे डिझेल ठेवलं तर ही गाडी फक्त जुनी. हरिकेन परत बसवलं तर ती व्हिंटेज. गाडी तीच आणि मिस्त्रीही तेच.

निर्णय हरिकेनच्या बाजूने झाला, आणि तो अमलात आणणं सोपं गेलं ते १९८५ च्या त्या बोल्टमुळे. ब्रॅकेट सोडवले, प्यूजो उचललं, जुन्या फाउंडेशनच्या जागा जशाच्या तशा मिळाल्या. सांगाड्यावर तेव्हा गॅस कटर चालला असता तर आज ‘मूळ स्वरूप’ हा विषयच संपला असता. इंजिनाचं काम मात्र वेळखाऊ होतं. क्रँक ग्राइंड केला, अंडरसाइज बेअरिंगं मिळवली, बोअरिंग केलं, झडपांच्या सीटा तपासल्या. ऑपेरा हाउसच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून काही मिळालं, काही नाही. एका दुकानात वडिलांच्या काळातला माल माळ्यावर आहे असं दुकानदाराने सांगितलं आणि खरंच धुळीने माखलेल्या खोक्यातून वॉटर पंपचा नवाकोरा संच निघाला. गॅस्केटं कॉर्कच्या शीटमधून हाताने कापून घेतली, बेअरिंग आणि बोल्ट नागदेवीहून आले.

आजच्या पेट्रोलचा वेगळाच ताप. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आहे, आणि १९६८ ची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. पंपाचा पडदा फुगतो, नळ्या मऊ पडतात, इथेनॉल ओल शोषून घेतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत व कार्बोरेटरमध्ये गंज धरतो. म्हणून नळ्या आणि पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवले. मधल्या पेटीतला ॲस्बेस्टॉस ओला करून, हातमोजे आणि मुखपट्टी लावून काढला आणि तिथे सिरॅमिकची चादर आली. व्हॅक्यूमचा वायपर परत लावला, आणि तो पूर्वीइतकाच कुचकामी निघाला: चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि वायपर काचेच्या मधोमध थांबतो. मूळ स्वरूप म्हणतात ते हे.

पहिल्या फेरीत गाडी परळहून लालबाग-भायखळ्यामार्गे गिरगावला आली. लोकांनी फोटो काढले, ‘‘ओरिजनल आहे का?’’ असं विचारलं आणि नातवाने हो म्हटलं. मिस्त्री शेजारी बसले होते, ते काही बोलले नाहीत.

त्यांनी बोलायला हवं होतं, असं वाटतं. हरिकेन आज वाजतंय, कारण १९८५ मध्ये ते बाजूला ठेवून गाडीला डिझेल मिळालं. तेव्हा तो बदल झाला नसता तर महागडं पेट्रोल पिणारी ही पिकअप छापखान्याने दोन-तीन वर्षांत कुर्ल्याच्या भंगारात दिली असती, आणि आज मूळ स्वरूपात परत आणायला काही उरलंच नसतं. ती डिझेलची वर्षं हाही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. आपला नियम मात्र ती पुसून टाकली तरच गाडीला मान देतो. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाच्या, फिवाच्या, वर्गवारीत त्या-त्या काळातच बदललेल्या वाहनांसाठी वेगळा वर्ग आहे. गाडी अस्सल, पण तिच्या हयातीत मालकाच्या गरजेप्रमाणे बदललेली, अशी नोंद त्यात करता येते. भारतात तशी सोय झाली तर कितीतरी जीप, डॉज, फार्गो आणि अँबॅसिडर खोटं न बोलता कागदावर येतील, आणि त्यांच्यावर राबलेल्या कारागिरांचं कामही.

तोवर ज्यांच्या शेडमध्ये अशी गाडी उभी आहे त्यांनी रंगाच्या डब्याआधी कागद शोधावेत. आरसी पुस्तकाची सगळी पानं, बदललेल्या इंजिनाचं बिल, आरटीओचे शेरे यांचे फोटो काढून ठेवावेत. चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी जुळतो का ते गाडी उघडण्यापूर्वी पाहावं. उतरवलेलं इंजिन, मग ते पेट्रोल असो वा डिझेल, किलोच्या भावाने देऊ नये. या पिकअपचं प्यूजो परळच्या गॅरेजात स्टँडवर आहे, ब्रॅकेट आणि बोल्ट त्याच्यासोबत एका पिशवीत बांधलेले आहेत. आणि मिस्त्री निवडताना एकच विचारावं: हे काम पुन्हा उलटं करता येईल का? जो ‘हो’ म्हणून मापं दाखवील, त्याला काम द्यावं.